डोळे फिरतात, आठवण निवते

मानसोपचारतज्ज्ञ दोन बोटं रुग्णाच्या चेहऱ्यासमोर धरतात आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवू लागतात. मान स्थिर ठेवून रुग्णाने फक्त नजरेने बोटांमागे जायचं. त्याच वेळी, जो क्षण तो इतकी वर्षं टाळत आला, तो मनात धरून ठेवायचा: समोरून अंगावर आलेल्या ट्रकचे दिवे, घरात शिरलेलं पुराचं पाणी, बालपणीचा नकोसा स्पर्श. साधारण अर्ध्या मिनिटाने बोटं थांबतात. ‘आता काय जाणवतंय?’ एवढंच तज्ज्ञ विचारतात. जे जाणवेल ते थोडक्यात सांगायचं आणि पुन्हा नजर बोटांवर.

या उपचारपद्धतीचं नाव ईएमडीआर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा मंत्रतंत्राचा प्रकार वाटला तर नवल नाही. पण आघातानंतर जडणाऱ्या तणावविकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ज्या मोजक्या मानसोपचारांची शिफारस केली, त्यांत हा आहे.

एरवीच्या आठवणी काळाबरोबर फिक्या होतात. आघाताची आठवण तशी होत नाही. अपघाताला दहा वर्षं उलटली तरी ब्रेकचा कर्कश आवाज ऐकताच हातपाय थरथरतात, घाम फुटतो. भीतीशी निगडित असलेला मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग अशा वेळी शरीराला सावध करतो. घटना कधी, कुठे घडली याची नोंद ठेवण्यात हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो; तीव्र भीतीच्या क्षणी ही नोंद कच्ची राहते, असं अनेक संशोधक मानतात. म्हणून ती घटना आठवत नाही, तर जणू आत्ताच पुन्हा घडते.

१९८७ मध्ये, ही पद्धत पुढे मांडणाऱ्या अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो बागेत फिरत असताना त्यांच्या लक्षात आलं की त्रासदायक विचार मनात येतात तेव्हा आपले डोळे झरझर हलतात आणि नंतर त्या विचारांचा त्रास कमी होतो. १९८९ मध्ये त्यांनी २२ व्यक्तींवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीही होत्या. एकाच सत्रात बराच आराम पडल्याचा दावा होता, आणि तो अनेक मानसशास्त्रज्ञांना पटला नाही. भयाच्या आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरं जाण्याचा उपचार आधीपासून होताच. मग गुण त्याचा की डोळ्यांचा? २००१ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा डोळ्यांच्या हालचालीने वेगळी भर पडते असं दिसलं नाही. २०१३ मध्ये २६ प्रयोगांच्या आढाव्यात मात्र ती भर दिसली.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात मार्सेल फान डेन हाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. एका वेळी मनात धरता येईल अशा गोष्टींना मर्यादा असते. या तात्पुरत्या साठ्याला कार्यस्मृती म्हणतात. आठवण जागी करायची आणि नजरही फिरवत ठेवायची, तर ही कार्यस्मृती दोन्हींत वाटली जाते. आठवणीला पुरेशी जागा मिळत नाही आणि तिचं चित्र धूसर होतं. हे खरं असेल, तर मन गुंतवणारं दुसरं कामही चालायला हवं. प्रयोगांत तसंच दिसलं: आठवण मनात धरून मोठ्या आकड्यापासून उलटी मोजणी केली तरी तिची तीव्रता उतरली. आळीपाळीने दोन्ही कानांत नुसते आवाज ऐकवले, तेव्हा परिणाम कमी झाला.

दुसरी कडी स्मृतिसंशोधनातून जोडली गेली. जागी झालेली आठवण काही काळ बदलण्याजोगी होते आणि पुन्हा साठवली जाते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत आढळलं आहे. थिजलेलं तूप ऊब लागून पाघळावं आणि पुन्हा थिजताना त्याने नव्या भांड्याचा आकार घ्यावा, तसं. धूसर झालेली, कमी भयाची आवृत्तीच परत साठवली जात असावी, असा हा तर्क आहे. दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उंदरांच्या मेंदूतली वाटही शोधली. भीती घालवण्याच्या प्रयोगात डावी-उजवीकडे सरकणारा प्रकाश दाखवला, तेव्हा उंदरांची भीती अधिक ओसरली. नजर वळवणाऱ्या केंद्रापासून थॅलॅमसमार्गे अमिग्डालापर्यंत जाणारी ती वाट होती. माणसातही हेच घडतं का, हे पडताळणं बाकी आहे.

स्पष्टीकरणाचा वाद मिटलेला नाही, पण गुणाची परीक्षा बरीच झाली आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत युद्धाव्यतिरिक्तच्या आघातांसाठी ईएमडीआरला स्थान मिळालं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ मध्ये त्याची शिफारस केली, पण काही हात राखून. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचारही तितकाच भरवशाचा आहे. कोणता घ्यायचा, हे रुग्णाची गरज आणि उपलब्ध तज्ज्ञ पाहून ठरावं.

मोबाइलवर सरकता ठिपका पाहत घरी हा प्रयोग करू नये. बोटं हलवणं हा आठ टप्प्यांपैकी काही टप्प्यांचाच भाग आहे. त्याआधी पूर्वेतिहास घेतला जातो, मन उसळलं तर सावरायचं कसं ते शिकवलं जातं, त्रास शून्य ते दहा या मापावर नोंदवला जातो. सत्र साधारण ६० ते ९० मिनिटांचं असतं, आणि शेवटी रुग्ण शांत होऊनच बाहेर पडेल याची काळजी घेतली जाते. ही तयारी नसताना जुनी जखम उघडणं धोक्याचं ठरतं. म्हणून तज्ज्ञाचं या पद्धतीतलं प्रशिक्षण झालं आहे का, हे निःसंकोच विचारावं. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

आपल्याकडे आघातातून आलेल्या माणसाला सर्रास सांगितलं जातं, ‘विसर आता ते.’ विसरणं त्याच्या हातात नसतं, आणि कोणताही उपचार ती घटना पुसून टाकत नाही. पण आठवण राहूनही तिचा दाह शमू शकतो, हे आता तपासून पाहिलेलं सत्य आहे. विसरण्याचा सल्ला देण्यापेक्षा त्या माणसाला उपचारापर्यंत सोबत करणं, हे घरच्यांनी आणि मित्रांनी करण्यासारखं काम आहे.