निवडून दिलं, आता विचारायचं कोणाला?



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर काशिमिऱ्यापलीकडच्या एका पाड्यावर महिलांची बैठक होती. विषय नेहमीचेच होते: जातीचे दाखले, रेशनकार्डावरची नावे, शाळा सुरू होण्याआधी मुलांची वह्या-पुस्तके. बैठक संपत आली तेव्हा मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "ताई, आपला नगरसेवक आता कोण?"

मी म्हटले, "सध्या कोणीच नाही, मावशी."

"मग मागल्या खेपेला मत दिलं ते गेलं कुठं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. परतताना बसमध्ये मात्र ते हसू काही टिकले नाही. मावशींनी जे विचारले त्यावर राज्यशास्त्राचा एक धडा लिहिता आला असता, आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हते.

आपल्यापैकी जे मिरा-भाईंदरचे रहिवासी नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. इथे 2002 साली महानगरपालिका झाली. सभागृहात 95 नगरसेवक. ऑगस्ट 2017 मध्ये निवडणूक झाली, ऑगस्ट 2022 मध्ये त्या सभागृहाची पाच वर्षे संपली. पुढची निवडणूक तेव्हाच व्हायला हवी होती. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने, म्हणजे कलम 243 यू नुसार, नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याच्या आत नवी निवडणूक पूर्ण करायची असते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागांची रचना बदलत राहिली, आणि राज्यातल्या एकामागून एक महापालिका प्रशासकाच्या हाती गेल्या. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झाले. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे आपल्या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता.

"त्याने काय बिघडले? कचरा उचलला जात होता, दिवे लागत होते," असे एका विश्वासणाऱ्या बंधूंनीच मला विचारले. प्रश्न रास्त आहे. प्रशासक म्हणून येणारे अधिकारी शिकलेले असतात, कित्येकदा नगरसेवकांपेक्षा कामाला वाघ असतात. पण त्यांचा हिशोब वर जातो, मंत्रालयाकडे. त्यांची बदली तिथून होते, त्यांना जाब तिथून विचारला जातो. नगरसेवकाचा हिशोब खाली यायला हवा असतो, वस्तीकडे, कारण पाच वर्षांनी त्याला तिथे परत हात जोडून यायचे असते. अधिकारी कितीही सज्जन असला तरी पाड्यावरच्या मावशींना त्याला घरी पाठवता येत नाही. हिशोब कोणत्या दिशेला वाहतो, त्यावर सत्ता कोणाची ते ठरते.

आता आदिवासी बांधवांचे पाहू. आपल्या शहराच्या कडेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी वारली, कातकरी, मल्हार कोळी कुटुंबांचे पाडे आहेत. शहर वाढत वाढत त्यांच्या अंगणापर्यंत आले. आपण त्यांना "आदिवासी" म्हणतो, पण जव्हार-मोखाड्याच्या आदिवासीला जे कायद्याने मिळते ते यांना मिळत नाही. तिकडचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा अबंध निधी म्हणून थेट त्या ग्रामपंचायतींकडे जातो आणि त्याचे काय करायचे ते गावाने बसून ठरवायचे असते. तिथे सगळे आलबेल आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण निदान सरपंचाला समोर बसवून "पैसे किती आले?" असे विचारायला एक जागा आहे.

मिरा-भाईंदर अनुसूचित क्षेत्रात येत नाही. इथल्या पाड्याला ग्रामसभा नाही, सरपंच नाही. शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या महापालिका कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने झाली. कल्पना ग्रामसभेसारखीच: एका भागातल्या मतदारांनी एकत्र बसायचे आणि कामे सुचवायची. मी बारा वर्षे या पाड्यांवर जाते आहे. अजून एकाही क्षेत्रसभेला बसण्याचा योग आलेला नाही.

त्यात प्रभाग पद्धत. 2017 पासून इथे एका प्रभागातून चार नगरसेवक निवडून येतात. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 होती. त्या आकड्याने भागले तर एका नगरसेवकामागे साडेआठ हजार माणसे, पण चारजणांच्या प्रभागात चौतीस हजार. चौतीस हजारांत एका पाड्याची दोनशे-अडीचशे मते. आणि काम अडले की पहिला म्हणतो ते दुसऱ्याकडे आहे, दुसरा म्हणतो तिसऱ्याला विचारा. चार मामांचा भाचा उपाशी राहतो, त्यातली गत.

मराठीत आपण "उत्तरदायित्व" असा भारदस्त शब्द वापरतो. पाड्यावर तो चालत नाही. तिथे दोन शब्द चालतात, जाब आणि हिशोब, आणि मला त्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. जाब रागाने विचारतात, काहीतरी बिघडल्यावर. हिशोब शांतपणे मागतात, ठरल्या वेळी, सगळे नीट चालले असतानाही. आपण जाब विचारण्यात पटाईत झालो आहोत. मोबाईलवर रोज विचारतो. हिशोब मागायची सवय मात्र आपल्याला लागली नाही, आणि त्याची किंमत गरीब माणूस मोजतो.

ती किंमत केवढी असते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्रात 1993 पासून सुकथनकर समितीच्या सूत्राने आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेचा पैसा बाजूला ठेवला जाऊ लागला. सूत्र उत्तम. 2011 साली राज्यात आदिवासी 1 कोटी 5 लाख होते, म्हणजे सुमारे 9.35 टक्के. या पैशातून आदिवासी विकास विभागाने 2004 ते 2009 या काळात ज्या वस्तू वाटल्या, त्या वाटपाबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयाने निवृत्त न्यायाधीश एम. जी. गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल 2017 मध्ये आला आणि त्यात खरेदी व वाटपातले मोठे गैरव्यवहार मांडले गेले. त्यानंतर ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले. 2004 साली ज्या घरात इंजिन किंवा दुभते जनावर यायला हवे होते, त्या घरातला पहिलीतला मुलगा अहवाल आला तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा झाला होता. तो शिकला की वीटभट्टीवर गेला हे कोणत्याही अहवालात नसते. जाब विचारला गेला, हे खरे. वर्षाच्या वर्षाला यादी पाड्यावर वाचून दाखवली असती, तर तेरा वर्षे लागली नसती.

मोठ्या पदावरच्या माणसालाही उत्तर द्यावे लागते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. एका न्यासाला मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकालात मांडला, तेव्हा जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावे लागले. हे उदाहरण आपल्यासारख्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. चांगल्या कामाचे नाव दिले म्हणून पैसा कुठून आला हा प्रश्न मिटत नाही.

धर्मविद्येच्या वर्गात आम्हाला 1 शमुवेल 12 शिकवला होता. म्हातारा शमुवेल कारभार सोडताना सगळ्या लोकांपुढे उभा राहतो आणि विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली ते सांगा, मी परत करतो. त्याला कोणी पकडून आणलेले नव्हते. तो स्वतःहून हिशोब द्यायला उभा राहिला होता. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आपल्या मंडळ्यांतही येतात, आपण त्यांना पुढच्या बाकावर बसवतो, शाल देतो, आणि मागतो काय? कंपाऊंडची भिंत, दफनभूमीचा रस्ता. भिंत मागण्यात पाप नाही. पण त्याच माणसाला "पाड्यासाठी गेल्या पाच वर्षांत काय केले, यादी द्या," असे आपण विचारलेले मला आठवत नाही. पाडा आपल्या प्रार्थनेत असतो, मागणीत नसतो.

मागायचे कसे, याची वाट अवघड नाही. उमेदवाराने अर्जासोबत दिलेल्या शपथपत्रात त्याची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालामुळे ही माहिती मतदाराचा हक्क झाली. खासदाराला वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातला निदान साडेसात टक्के, म्हणजे 37 लाख 50 हजार रुपये, आदिवासी वस्तीच्या भागांत सुचवायचा असतो. तो कुठे गेला हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात, मजकूर दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवस, न आल्यास पहिले अपील. भांडण नको, घोषणा नकोत. पोच मात्र जपून ठेवावी.

हे सगळे मी त्याच पाड्यावर, पुढच्या बैठकीत समजावून सांगितले. मावशींनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या दिव्यांचा हिशोब कधी सांगणार?"

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी जमवलेल्या पैशातून त्या पाड्यावर सौर दिवे बसवले होते. नऊ दिवे. फोटो काढले, अहवालात छापले. दोन पावसाळ्यांत त्यांतले सहा बंद पडले. बॅटरीसाठी पैसा बाजूला ठेवला नव्हता, आणि वस्तीला कोणी विचारले नव्हते की दिवा कुठे लावावा. देणाऱ्यांना आम्ही पै-पैचा हिशोब दिला होता. ज्यांच्यासाठी दिवे होते त्यांना एक कागदही दाखवला नव्हता. सही माझीच होती.

त्या दिवशी मी वही काढली आणि वाचून दाखवले: जमा किती, दिव्याची किंमत, टेंपोचे भाडे, उद्घाटनाच्या दिवशीचा नाश्ता. नाश्त्याचा आकडा ऐकून एक तरुण पोरगा हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी तो आकडा दुसऱ्यांदा वाचायला लावला.

जानेवारीत त्यांनी मत दिले. आता त्यांच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. पाड्यावरच्या बायकांनी मिळून एक अर्ज तयार केला आहे, विषय एकच: मागच्या पाच वर्षांत या पाड्यासाठी मंजूर झालेली कामे. लिहून एका दहावीतल्या मुलीने दिला, शब्द मोजले तर एकशे बारा भरले. पोचपावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मावशींच्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती पेनाने गोल केलेला आहे. त्याच महिन्यात आणखी एका तारखेभोवती गोल आहे. त्या दिवशी मी दिव्यांच्या बॅटऱ्यांचे काय झाले ते सांगायला जायचे आहे.