शहर सोडायचे ठरले. पण जायचे कोठे?

खास प्रतिनिधी

‘पुरे झाले आता हे शहर,’ असे उद्गार महानगरातील घराघरांत अधूनमधून ऐकू येतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांनी ते काढले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि कार्यालयाचे काम घरातून होऊ शकते, हे अनेकांच्या ध्यानात आले, तेव्हाही ते पुन्हा ऐकू आले. लोकलची गर्दी, घराचे हप्ते, धूर आणि गोंगाट यांना कंटाळलेला माणूस शहर सोडण्याचा निर्णय कधी कधी एका रात्रीत घेतो. जायचे कोठे, हा प्रश्न मात्र तो एखाद्या सुंदर छायाचित्रावर किंवा सहलीच्या आठवणीवर सोपवून मोकळा होतो. खरा धोका येथेच आहे. शहरातील घर एकदा विकले, की दहा वर्षांनी त्याच पैशांत ते परत मिळत नाही.

प्रथम जनगणनेचे आकडे पाहू. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. याच काळात तत्कालीन ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेला. थोडक्यात, शहराचा गाभा रिकामा होत असताना त्याच्या कडा फुगत होत्या. ज्या कोकणाचे स्वप्न शहरी माणूस पाहतो, त्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याही याच दशकात घटली. म्हणून कोणतेही गाव निवडण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा तो हा : येथील माणसे गाव सोडून का जातात?

देऊळघाटचे उदाहरण

हा प्रश्न एखाद्या प्रत्यक्ष गावाला लावून पाहिला, तर अधिक स्पष्ट होतो. बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट हे पर्यटकांच्या यादीत नसलेले, पण जिल्ह्याच्या मुख्यालयापासून थोड्याच अंतरावरचे मोठे गाव आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या मुलखाचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग करतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हे तालुके घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे घाटाखाली. देऊळघाट घाटावरचे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने वऱ्हाडच्या मैदानापेक्षा येथील हवा सौम्य. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. घाटावर तो प्रश्न नाही.

येथवर चित्र आकर्षक वाटते. परंतु हाच जिल्हा २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या मदत योजनेत होता. कोरडवाहू शेती, बेभरवशाचा पाऊस आणि उद्योगांची वाण यांमुळे येथील तरुण पुण्या-मुंबईची, छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो. ज्याचे उत्पन्न गावावर अवलंबून आहे, त्याला हीच अडचण भेडसावेल. ज्याचे निवृत्तिवेतन सुरू आहे अथवा काम संगणकावरून चालते, त्याचे गणित वेगळे असेल. एकच गाव एकाला योग्य आणि दुसऱ्याला अयोग्य ठरते, ते यामुळे.

पाणी मे महिन्यात पाहावे

पैनगंगेचा उगम बुलढाणा तालुक्यातच, अजिंठ्याच्या डोंगररांगेत होतो. बुलढाणा शहराला पाणी पुरवणारे येळगाव धरण याच नदीवर आहे. तथापि उगमाजवळची नदी पावसाळ्यात जेवढी देखणी, तेवढीच उन्हाळ्यात कृश. भूगर्भात काळा बेसॉल्ट खडक असल्याने पाणी त्याच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात साठते. एका विहिरीला पाणी लागले म्हणून शेजारच्या शेतातील कूपनलिकेला ते लागेलच, असे नाही.

घर पाहावयास जाणारी शहरी मंडळी बहुधा श्रावणात किंवा दिवाळीच्या सुटीत जातात. तेव्हा सारेच हिरवे असते. मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येते, टँकर लागतो काय, पिण्याच्या पाण्याची तपासणी झाली आहे काय, हे ग्रामपंचायतीत आणि शेजारच्या दोन-तीन घरांत विचारावे.

दवाखाना किती मिनिटांवर?

गावाकडे जाण्याचा सर्वांत प्रसिद्ध निर्णय महात्मा गांधींचा. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या पत्रांत मिसळू लागल्याने १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव ‘सेवाग्राम’ करण्यात आले. निवडलेले खेडे दुर्गम होते, पण वर्धा शहर आणि तेथील रेल्वेस्थानक आठेक किलोमीटरवरच होते. पहिल्याच वर्षी हिवतापाने गाठले, तेव्हा गांधीजींना वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले.

साठीच्या उंबरठ्यावरील दांपत्याने हा निकष सर्वांत वर ठेवावा. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांत पहिला तास मोलाचा असतो. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण रुग्णवाहिका कोठून निघते आणि कोठे पोहोचवते, हे नकाशावर मोजावे. बुलढाण्यात जिल्हा रुग्णालय आहे. २०२४ मध्ये राज्यात सुरू झालेल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचाही समावेश होता. जिल्ह्याच्या गावाजवळचे खेडे आणि डोंगराआडचे खेडे यांतील फरक या एका बाबीत जीवनमरणाचा ठरू शकतो.

सात-बारा आधी, स्वप्न नंतर

शहरी खरेदीदाराची सर्वाधिक फसगत जमिनीत होते. विदर्भात १९५८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. उर्वरित महाराष्ट्रातही याच स्वरूपाचे निर्बंध आहेत. स्वतःच्या नावे सात-बारा नसलेल्या नोकरदाराने ‘दोन एकर घेऊन फार्महाऊस बांधू’ असे म्हणण्यापूर्वी हे जाणून घ्यावे.

दुसरा अडथळा तुकडेबंदीचा. शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यावर १९४७ पासून बंधन आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे करण्यात आली. त्यानंतरही नियमांत बदल झाले असल्याने व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारणे इष्ट. साध्या मुद्रांकावर ‘नोटरी’ करून विकले जाणारे गुंठ्यांचे भूखंड स्वस्त असतात, कारण त्यांची मालकी खरेदीदाराच्या नावावर चढत नाही. सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असल्यास हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

तुलनेने सुरक्षित मार्ग म्हणजे गावठाणातील घर किंवा रीतसर अकृषिक झालेला भूखंड. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहावा. एप्रिल २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकाही मागावी.

रस्ता, वीज आणि काम

बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मुंबई-नागपूर मार्गावरील मलकापूर हे जवळचे मोठे स्थानक. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अंतरे आटली आहेत हे खरे. पण महामार्ग जवळून जातो म्हणजे गावातून रात्री आठनंतर एसटी मिळते, असे नव्हे.

संगणकावर काम करणाऱ्याने घराची वीज गावठाणाच्या वाहिनीवर आहे की शेतीच्या, हे विचारावे. शेतीपंपांना वीज पाळ्यांमध्ये मिळते. शेतातील बंगल्यात हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

सोबत हवीच

बुलढाण्यालगतच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ च्या अखेरीस एक पाहुणा आला होता. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ नव्या अधिवासाच्या शोधात महाराष्ट्र आणि तेलंगणातून १,३०० किलोमीटरहून अधिक भटकून येथे पोहोचला. जंगल होते, शिकार होती. मात्र दुसरा वाघ किंवा वाघीण नव्हती. काही महिन्यांनी तो तेथे दिसेनासा झाला.

माणसाचेही फारसे वेगळे नाही. गावात मयतीला, लग्नाला, ग्रामसभेला जावे लागते. शहरातील अनोळखीपणाची सवय येथे उद्दामपणा समजली जाते. अभियंता असलेले दिलीप कुलकर्णी पुणे सोडून दापोलीजवळच्या कुडावळ्याला गेले, तेव्हा साधेपणाने जगण्याचा विचार आधी पक्का होता. लेखिका गौरी देशपांडे यांनी फलटणजवळच्या विंचुर्णीतील वास्तव्यावर ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तक लिहिले. ‘धडे’ हा शब्द पुरेसा बोलका आहे.

आधी वर्षभर भाड्याने

यावर उपाय साधा आहे. शहरातील घर न विकता भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातून निवडलेल्या गावात किंवा जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने राहावे. त्यात एक पूर्ण उन्हाळा, एक पूर्ण पावसाळा आणि घरातील एखादे आजारपण येऊन जाईल. पती-पत्नी दोघांनीही राहावे. निर्णय एकाचा आणि चूल दुसऱ्याची, अशी वाटणी टिकत नाही. वर्षाअखेरीस दोघांनाही तेथेच राहावेसे वाटले, तर खरेदीखताची तारीख खुशाल ठरवावी. न वाटल्यास एका वर्षाचे भाडे तेवढे गेले, घर मात्र राहिले.