एक डॉलर पगाराचा साहेब

दोस्तांनो, तुम्ही कधी संध्याकाळी उशिरा मंडईत गेला आहात? सकाळी जी मेथीची जुडी भाजीवाली एक पैसा कमी करायला तयार नसते, तीच जुडी रात्री आठ वाजता ती दोनावर एक फुकट देते. का? तर उद्या ती सुकणार! रोजच्या गिऱ्हाइकांना हे गुपित पक्कं ठाऊक असतं. ती मुद्दाम उशिराच येतात.

अमेरिकेतली एक अवाढव्य मोटार कंपनी याच चक्रात सापडून बुडायला निघाली होती. तिचं नाव क्रायसलर. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्यानंतर अमेरिकेत तिसरा नंबर तिचा. तुमच्या आजोबांना विचारून बघा, डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं त्यांनी नक्की ऐकली असतील. या सगळ्या क्रायसलरच्याच गाड्या. आणि गंमत म्हणजे त्यांचं आपल्याशीही नातं आहे बरं का! सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीचा कारखाना काढला. तिथे १९४७ पासून क्रायसलरच्याच गाड्या जोडल्या जायच्या.

तर १९७० नंतरच्या काळात क्रायसलरने एक विचित्र रीत पाडून घेतली होती. डीलरकडून मागणी येवो न येवो, कारखाना गाड्या काढतच राहायचा. मग त्या ठेवायच्या कुठे? डेट्रॉईट शहराच्या आसपासची मोकळी मैदानं, अगदी जत्रेचं मैदानसुद्धा भाड्याने घेऊन हजारो कोऱ्या गाड्या तिथे उभ्या केल्या जायच्या. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं खात! कंपनीत या ढिगाला म्हणायचे ‘सेल्स बँक’. नाव काय ऐटदार! महिनाअखेर आली की कंपनीची माणसं डीलरांना फोनवर फोन करायची, ‘घ्या हो, स्वस्तात देतो.’ डीलर काय दूधखुळे होते? ते महिनाभर गप्प बसायचे आणि शेवटच्या आठवड्यात, मंडईतल्या गिऱ्हाइकांसारखे, पडेल भावात गाड्या उचलायचे.

अशा कंपनीत २ नोव्हेंबर १९७८ रोजी एक नवा साहेब आला, ली आयकोका. त्याचे आईवडील इटलीहून पोटासाठी अमेरिकेत आलेले. शिकला इंजिनिअर व्हायला, पण फोर्ड कंपनीत नोकरी लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपल्याला यंत्रांपेक्षा माणसांत जास्त रस आहे. मग तो विक्री खात्यात शिरला. १९५६ साली त्याच्या भागात गाड्या खपेनात, तेव्हा त्याने साधीच युक्ती केली. किमतीचा पाचवा हिस्सा आधी भरा, बाकीचे तीन वर्षं दरमहा ५६ डॉलर. छप्पन सालची गाडी, छप्पन डॉलरचा हप्ता! लोकांच्या तोंडी ते सहज बसलं. पुढे १९६४ मध्ये तरुणांना वेड लावणारी ‘मस्टँग’ त्याच्याच देखरेखीखाली निघाली. तो फोर्डचा अध्यक्ष झाला आणि मालक हेन्री फोर्ड दुसरे यांच्याशी बिनसल्यामुळे जुलै १९७८ मध्ये त्याला नारळ मिळाला. चोपन्नाव्या वर्षी, नातवंडं खेळवायच्या वयात, हा गडी क्रायसलरमध्ये आला. आणि पहिल्याच दिवशी कंपनीने जाहीर काय केलं? तीन महिन्यांत सोळा कोटी डॉलरचा तोटा!

आत पाहिलं तर आणखीच आनंद. कंपनीला पस्तीस उपाध्यक्ष, प्रत्येकाचं संस्थान वेगळं. गाडी रेखणारा गाडी विकणाऱ्याशी बोलत नाही, विकणाऱ्याला कारखान्यात काय चाललंय याचा पत्ता नाही. पुढच्या तीन वर्षांत त्यांतले बहुतेक घरी गेले.

त्यातच १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली. तेल महागलं. अमेरिकेत पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. कालपर्यंत लांबलचक, पेट्रोल ढोसणाऱ्या गाड्या मिरवणारे लोक छोट्या जपानी गाड्या घेऊ लागले. क्रायसलरच्या मैदानांवर मात्र हत्तीएवढ्या गाड्या उभ्या! त्या वर्षी तोटा झाला ११० कोटी डॉलर. दिवाळं दाराशी आलं.

आयकोकाने मग अमेरिकी सरकारकडे धाव घेतली. पैसे द्या असं नाही, तर बँका आम्हाला कर्ज देतील, त्याला तुम्ही जामीन राहा. झालं! देशभर वादाचा धुरळा उडाला. ‘जो धंदा चालत नाही तो बुडू द्यावा, सरकारने का हात द्यायचा?’ असं एका बाजूचं म्हणणं. ‘आणि लाखो लोकांच्या नोकऱ्या जातील त्यांचं काय?’ असं दुसऱ्या बाजूचं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, हे कबूल करायला हवं. अखेर ७ जानेवारी १९८० रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. सरकार दीडशे कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाला जामीन राहिलं, पण एका अटीवर. कामगार, बँका, डीलर, सगळ्यांनी आपापल्या खिशाला चाट लावायची.

आयकोकाने स्वतःचा पगार किती केला ठाऊक आहे? वर्षाला एक डॉलर! म्हणजे त्याच्या घरी फाके पडले असं मुळीच नाही, तो आधीच गबर होता. पण साहेबच एक डॉलरवर आल्यावर कामगारांपुढे पगारकपातीची गोष्ट काढायला तोंड राहतं. कामगार संघटनेने कपात मान्य केली आणि संघटनेचे प्रमुख डग्लस फ्रेझर कंपनीच्या संचालक मंडळात जाऊन बसले. तरीही हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्याच. ‘डॉज मेन’ नावाचा, १९१० पासूनचा जुना कारखाना १९८० च्या जानेवारीत कायमचा बंद झाला. ज्या गल्लीत आजोबा, बाप आणि मुलगा एकाच भोंग्यावर कामाला जायचे, तिथे भोंगाच थांबला. आयकोकाचे गोडवे गाणाऱ्या लेखांतून ही बाजू हळूच गाळली जाते.

आता सगळी भिस्त होती एका गाडीवर. कंपनीतलं तिचं नाव होतं ‘के-कार’. इंजिन पुढे आणि तेही आडवं बसवलेलं, पुढचीच चाकं गाडी ओढणार. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नाही, म्हणून गाडी छोटी असूनही आत सहा माणसं मावतात. पेट्रोलही कमी लागतं. १९८० च्या शरद ऋतूत ती ‘डॉज एरीज’ आणि ‘प्लिमथ रिलायंट’ या नावांनी बाजारात आली. साध्या गाडीची किंमत सहा हजार डॉलरच्या आत. लोक जाहिरात वाचून धावत आले... आणि तसेच परत गेले!

झालं होतं असं की दुकानात साधी गाडी नव्हतीच. जास्त नफ्याच्या लोभाने कंपनीने पहिल्या गाड्या वातानुकूलन, मखमली गाद्या असं सगळं लावून पाठवल्या होत्या. किंमत पार वर गेली. शिवाय कर्जाचे व्याजदर त्या डिसेंबरात वीस टक्क्यांपुढे गेलेले. शेवटी साध्या गाड्या दुकानांत पोचल्या, व्याजाचा काही बोजा कंपनीने उचलला आणि गाडी हलली. पण १९८० चा तोटा तोवर १७० कोटींवर गेला होता.

जाहिरातीही बदलल्या. टीव्हीवर नटनट्यांऐवजी स्वतः आयकोका यायचा आणि बोट रोखून म्हणायचा, याहून चांगली गाडी मिळाली तर खुशाल ती घ्या! गाडी घरी न्या, तीस दिवसांत आवडली नाही तर परत करा, अशीही योजना होती. फार थोड्यांनी परत केली. पुढे तर पाच वर्षं किंवा पन्नास हजार मैलांची हमी आली. सेल्स बँक बंद झाली, मागणी आली तरच गाडी निघू लागली.

एक किस्सा मला फार आवडतो. अमेरिकेत बिनटपाच्या गाड्या १९७६ नंतर निघेनाशा झाल्या होत्या. आयकोकाने एका गाडीचं छप्पर कापून घेतलं आणि ती स्वतः शहरात फिरवली. लोक त्याला थांबवून विचारायचे, ‘ही कुठे मिळते हो?’ बस्स! हीच त्याची बाजारपाहणी. कंपनीने १९८२ साली तशी गाडी काढली. खप धरला होता तीन हजारांचा, झाला तेवीस हजारांचा.

पण खरी कमाल केली मिनीव्हॅनने. हॅल स्पर्लिक नावाच्या इंजिनिअरने ही कल्पना फोर्डमध्ये असतानाच मांडली होती. तिथे ती नाकारली गेली, पुढे त्यालाही काढलं गेलं. क्रायसलरमध्ये त्याने के-कारच्याच सांगाड्यावरून ती घडवली. उंच, ऐसपैस, पण घरच्या गॅरेजमध्ये मावणारी. तळ खाली, म्हणजे आजी आणि शेंबडं पोर दोघांनाही सहज चढता यावं. बाजूला सरकणारं दार. नोव्हेंबर १९८३ मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातून पहिली बाहेर पडली आणि पहिल्याच वर्षी दोन लाखांवर खपली. इतर कंपन्यांना तिची नक्कल करायला काही वर्षं लागली.

त्याआधीच, १९८३ च्या उन्हाळ्यात आयकोकाने मुदतीच्या सात वर्षं आधी सगळं कर्ज फेडलं. मात्र एक गोष्ट राहिली होती. जामीन राहण्याच्या बदल्यात सरकारने कंपनीचे शेअर ठरावीक, स्वस्त भावात घेण्याचा हक्क आपल्याकडे ठेवला होता. तेव्हा त्याची कुणाला किंमत नव्हती. आता शेअरचा भाव कैक पटींनी चढलेला! क्रायसलरने पुष्कळ विनवण्या केल्या, सरकार बधलं नाही. त्या हक्काचा लिलाव झाला आणि सरकारी तिजोरीत एकतीस कोटी डॉलर पडले. लिलावात बोली जिंकली कुणी? खुद्द क्रायसलरने!

आयकोका १९९२ अखेर निवृत्त झाला आणि २०१९ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला. त्याची कंपनी २००९ मध्ये दिवाळ्यात गेली आणि पुन्हा सरकार धावलं. या वेळी तिचा हात धरला इटलीच्या फियाटने, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायसलरनंतर ज्यांच्या गाड्या बनू लागल्या, त्याच फियाटने!