मोबाइलवरील वनमापन (लेखांक ८) : घेर की व्यास?

अनेक पथकांच्या नोंदी एकत्र कशा आणाव्यात, हा गेल्या आठवड्यात जाहीर केलेला विषय पुढच्या लेखांकापर्यंत थांबवावा लागत आहे. कारण एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्या आधी सुटणे आवश्यक आहे. नोंदपत्रकात ‘व्यास’ असा रकाना आहे आणि वनरक्षकाच्या हातात मात्र घेर मोजणारी साधी टेप आहे, अशा वेळी काय करावे, असा तो प्रश्न आहे.

भारतात उभ्या झाडाचे माप जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घेतले जाते, तर युरोपात हीच उंची १.३ मीटर धरतात. त्यामुळे परदेशी पत्रक वापरताना मोजमापाची उंची आधी तपासून घ्यावी लागते. टेपने मिळतो तो घेर असतो आणि व्यासासाठी त्याला ३.१४ ने भागावे लागते. समजा, सागाच्या झाडाचा घेर ९४ सेंटिमीटर भरला आणि घाईत तोच आकडा व्यासाच्या रकान्यात गेला. खरा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर असल्याने खोडाचे छेदक्षेत्र, म्हणजे त्या उंचीवर खोड आडवे कापल्यास दिसणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ, ०.०७ चौरस मीटर असते. चुकीच्या नोंदीमुळे ते ०.६९ होते. आकडा तिपटीने चुकला की छेदक्षेत्र जवळजवळ दहापट फुगते, आणि लाकडाच्या घनफळाचा व कार्बनसाठ्याचा अंदाज याच मापावर आधारलेला असतो.

‘व्यास २०० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा’ अशी एकेरी मर्यादा ही चूक पकडू शकत नाही, कारण ९४ सेंटिमीटर व्यासाचा सागही असू शकतो. त्यासाठी दोन रकान्यांची सांगड घालावी लागते : एवढा जाड साग केवळ १४ मीटर उंच कसा, हे ॲपने विचारले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या ‘ओपन फोरिस कलेक्ट’मध्ये असे नियम लिहिता येतात आणि प्रत्येक नियम ‘चूक’ आहे की केवळ ‘इशारा’, हेही ठरवता येते. हा भेद मोलाचा आहे. शेंडा मोडलेला जुना वृक्ष खरोखरच जाड आणि बुटका असतो, त्यामुळे येथे इशाराच योग्य ठरतो, म्हणजे पथक पुन्हा टेप लावून खात्री करते आणि खरे माप असेल तर ते तसेच राहू देते. कागदी पत्रकावरची हीच शंका कार्यालयात आकडे भरताना उपस्थित होते, आणि तोवर पथक त्या झाडापासून दूर गेलेले असते.

तरीही इशाऱ्यापेक्षा चूक होऊच न देणे अधिक चांगले. म्हणून पत्रक रचणाऱ्यांनी जे प्रत्यक्ष मोजले जाते त्याचाच, म्हणजे घेराचा, रकाना द्यावा आणि व्यास ॲपला काढू द्यावा. भागाकाराचे ओझे रानात उभ्या असलेल्या माणसावर टाकू नये.