नकाशा वस्तीत वाचा

सावद्याच्या केळीपट्ट्यात राहून मी मुंबईच्या किनाऱ्याविषयी का लिहितो? कारण प्रश्न एकच आहे. तिथल्या उपनगरांत इमारती चढत गेल्या, तशी कोळ्यांची मासळी सुकवायची जागा आक्रसली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा मसुदा निघाला. कोळीवाडे-गावठाणे नीट दाखवली नाहीत, ही त्यातली एक तक्रार. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये शासनाला फेरआखणीचा आदेश द्यावा लागला.

माझ्या घरात नोटीस वाचू शकणारा पहिला माणूस मीच. नकाशात नसलेली वस्ती उद्या 'अतिक्रमण' ठरते. म्हणून मित्रहो, मुदत संपण्याआधी नकाशा वस्तीत नेऊन मोठ्याने वाचा.