दांपत्यातील संभाषण आणि शरीराचे आरोग्य

हुमनाबादच्या परिसरात विवाह हा पुष्कळदा दोन भाषांचाही विवाह असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेला, जहिराबाद आंध्रात गेले, आणि हुमनाबाद, भालकी व बीदर तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात आले. सीमा आखली गेली तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. निलंग्याकडील मराठी मुलगी कन्नड बोलणाऱ्या घरी नांदावयास येते, पतीला 'अहो' म्हणण्याऐवजी 'री' म्हणू लागते, आणि वर्षा-दोन वर्षांत स्वयंपाकघरापुरती कन्नड भाषा तिला अवगत होते. परंतु दुखणे सांगण्याची भाषा इतक्या लवकर येत नाही. पतिपत्नींच्या संभाषणाचा त्यांच्या प्रकृतीशी काय संबंध आहे, या प्रश्नाचा विचार आम्ही येथून आरंभ करू इच्छितो.

कळ, ठणका, चमक, मुरडा, जळजळ, रग असे वेदनेचे भेद मराठी स्त्री सहज करते, आणि वैद्याला निदानासाठी नेमके हेच भेद हवे असतात. दवाखान्यात मात्र बहुधा पती तिच्या वतीने बोलतो, व तिच्या साऱ्या वर्णनाचे तो 'नोवु' या एका कन्नड शब्दात रूपांतर करतो. वास्तविक कन्नड भाषा दरिद्री नाही. पत्नीला नेमके काय होते हे त्याने घरी कधी विचारलेलेच नसते, ही खरी अडचण आहे. दोघांची मातृभाषा एकच असलेल्या घरांतही हे घडते, हे वेगळे सांगावयास नको. एका खोलीच्या घरात सासूसासऱ्यांदेखत पतिपत्नींनी बोलत बसणे आपल्याकडे अजूनही शिष्टसंमत नाही. निरोप मुलाकरवी जातो, आणि आजाराची गोष्ट रात्री कुजबुजण्यापलीकडे जात नाही.

या मौनाचा शरीरावर परिणाम कसा होतो? कटु वादाच्या वेळी हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, आणि ताणाची संप्रेरके रक्तात मिसळतात. असे प्रसंग नित्याचे झाले तर रोगप्रतिकाराची शक्ती मंदावते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या संबंधात जे संशोधन २००५ साली प्रसिद्ध केले ते मननीय आहे. ४२ दांपत्यांना दोन वेळा एकेक अहोरात्र रुग्णालयात ठेवून प्रत्येकाच्या हातावर बारीक फोड उठविण्यात आले. पहिल्या खेपेस दांपत्याने एकमेकांना आधार वाटेल असे बोलावे, दुसऱ्या खेपेस मतभेदाच्या विषयावर बोलावे, अशी योजना होती. मतभेदाच्या खेपेस जखमा सावकाश भरल्या. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ज्या दांपत्यांच्या बोलण्यात टोचणी व तुच्छता अधिक होती त्यांच्या जखमा भरण्याचा वेग सौम्यपणे बोलणाऱ्यांच्या ६० टक्केच होता. दांपत्ये थोडी होती व समाज परका होता, ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावीच. तरीही मतभेद होणे आणि मतभेदात एकमेकांचा पाणउतारा करणे या दोन गोष्टी शरीर वेगळ्या ओळखते, असे या प्रयोगावरून मानण्यास जागा आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकांना यासंबंधी दूर जाण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि त्या वार्तेने लक्ष्मीबाईंचे मन व शरीर दोन्ही किती खचले, हे त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. टिळक शीघ्रकोपी होते. न सांगता घरातून निघून जाण्याची त्यांची खोड होती. थोडक्यात, आजचा समुपदेशक ज्याला आदर्श पती म्हणेल त्यांपैकी ते नव्हते. परंतु वियोगाच्या वर्षांत पत्रव्यवहार राहिला, आणि ज्या पत्नीला त्यांनीच अक्षरे शिकविली होती तिला तो वाचता येत होता. पुढे अहमदनगरात एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे व स्वयंपाक निराळा ठेवला, आणि टिळकांनी तो ठेवू दिला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तो स्वतःच्या विचाराने. धर्मभेदाएवढा मोठा भेद त्या काळी दुसरा कोणता असणार? पण तो बोलला गेला, लिहिला गेला, क्वचित त्यावर भांडणही झाले. म्हणून ते घर पुन्हा उभे राहू शकले, असे आम्हास वाटते.

आपल्या भागातील पाळकांना क्षयरोगाच्या बाबतीत हा विषय नित्य भेटेल. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असून सरकारी योजनेत तो विनामूल्य आहे. त्यातील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी तांबूस-नारिंगी होते. ज्या स्त्रीने आपला रोग पतीपासून लपविला आहे ती हे पाहून घाबरते, विचारणार कोणाला म्हणून गोळ्या बंद करते, आणि रोग औषधाला दाद न देण्याच्या मार्गाला लागतो. शिवाय घरातील इतरांची तपासणी व्हावयास हवी, तीही राहून जाते. पतीने रोग लपविला तरी परिणाम हाच. येथे एक वाक्य वेळेवर बोलले जाणे हाच उपचाराचा भाग असतो. उच्च रक्तदाबाचेही तसेच आहे. तो पुष्कळदा काहीच लक्षण दाखवीत नाही, म्हणून गोळी घेतली का, हे विचारणारे माणूस घरात असावे लागते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. जेथे मारहाण आहे तेथे 'दोघे बसून बोला' हा सल्ला स्त्रीला अधिक संकटात टाकतो. पतीसमोर ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर द्यावी लागते. अशा वेळी पाळकाने दोघांना एकत्र बसविण्याची घाई करू नये. पाळकाच्या पत्नीने वा मंडळीतील एखाद्या प्रौढ स्त्रीने तिची एकटीची भेट घ्यावी, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची व १८१ या महिला साहाय्य क्रमांकाची माहिती द्यावी. सोशिकपणाचा उपदेश करून तिला परत पाठविणे आम्हास शास्त्रसंमत वाटत नाही.

इतर घरांत मात्र विवाहपूर्व भेटीतच पाळकाने काही साधे प्रश्न विचारावेत. तुम्ही एकटे असता कोणत्या भाषेत प्रार्थना करता? ताप आला तर तो प्रथम कोणाला सांगता? घरात दोघांना बोलावयास जागा कोठे आहे? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जोडपी हसतात. शेताच्या बांधावर, पाण्याला जाताना, रविवारी उपासनेहून घरी चालत येताना, असे काहीतरी उत्तर हळूहळू निघते, आणि ते दोघांनी त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.