एकवीस दिवस आणि त्यानंतर

परसात चार-पाच देशी कोंबड्या पाळणाऱ्या घरात वर्षातून तीन-चार वेळा एक प्रसंग हमखास येतो. नियमाने अंडी देणारी कोंबडी एकाएकी अंडी देणे थांबवते. ती खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसून राहते, जवळ जाणाऱ्यावर चोच उगारते आणि उचलून बाहेर ठेवले तरी पुन्हा त्याच जागी जाऊन बसते. अशा कोंबडीला ‘खुडूक’ कोंबडी म्हणतात. अंडी बंद झाली म्हणून काही जण तिच्यावर चिडतात. तिला पाण्यात बुडवणे, तिच्या नाकपुडीत पीस खोवणे असे निर्दय उपायही करतात. परंतु ज्या घरात भांडवल नाही आणि विजेचा भरवसा नाही, त्या घरासाठी खुडूक कोंबडी ही अंडी उबवणारे यंत्रही असते आणि पिलांची दाईही असते. तिचे काम ती चोख करते. माणसाने आपला वाटा किती उचलला, यावर मात्र शेवटी हाती किती पिले लागतात हे ठरते.

कोंबडी खुडूक का होते? आपल्या कोंबड्यांची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी जंगलात आजही आढळते. ती काही अंडी घालते, मग अंडी देणे थांबवून त्यांवर बसते. देशी कोंबडीने हीच सवय जपली आहे. या काळात तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. त्यामुळे अंडी बनणे थांबते, पोटाखालची पिसे गळून तेथील त्वचा उघडी पडते आणि शरीराची ऊब थेट अंड्यांना मिळू लागते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींमध्ये माणसाने निवड करत करत ही सवय जवळजवळ नाहीशी केली. म्हणूनच त्या जातींच्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकतात. पण त्यांची अंडी उबवण्यासाठी यंत्र लागते.

उबवणीची तयारी अंड्यांच्या निवडीपासून सुरू होते. कळपात कोंबडा नसेल तर अंडी फलित होत नाहीत, आणि अशा अंड्यांतून कधीही पिलू निघत नाही. साधारणपणे आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. उबवण्यासाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली आणि सात दिवसांहून जुनी नसलेली अंडी घ्यावीत. तोवर ती सावलीच्या, थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक संरक्षक थर त्यामुळे निघून जातो.

कोंबडीच्या आकारानुसार दहा ते बारा अंडी तिच्याखाली ठेवावीत. त्याहून अधिक अंडी ठेवण्याचा मोह टाळावा. कडेची अंडी उघडी पडली की ती थंड होतात आणि कोंबडी त्यांना आत ओढताना दुसरी बाहेर येतात. पसरट टोपलीत खाली माती किंवा वाळूचा थर द्यावा, त्यावर कोरडे गवत पसरून मध्यभागी थोडा खोलगटपणा ठेवावा. कडक उन्हाळ्यात तळची वाळू किंचित ओलसर ठेवतात. कोंबडीच्या अंगावर उवा, गोचीड असतील तर ती अस्वस्थ होऊन अंडी सोडून उठते. म्हणून बसवण्यापूर्वी तिची पिसे तपासून योग्य उपचार करावा. टोपली अंधाऱ्या, शांत आणि मांजर, मुंगूस, उंदीर व साप यांपासून सुरक्षित अशा कोपऱ्यात असावी. कोंबडीला संध्याकाळनंतर अंड्यांवर बसवले तर ती लवकर स्थिरावते. दिवसातून एकदा ती दाणापाणी आणि विष्ठेसाठी पंधरा-वीस मिनिटे उठते. दाणे व पाणी जवळच असले, तर अंडी फार वेळ उघडी राहत नाहीत.

अंड्यातून पिलू निघण्यास २१ दिवस लागतात. या काळात कोंबडी चोचीने आणि पायाने अंडी वारंवार फिरवते. आतील जीव कवचाला चिकटू नये आणि सर्व अंड्यांना सारखी ऊब मिळावी, यासाठी हे आवश्यक असते. सातव्या दिवशी रात्री अंधारात अंडे विजेरीच्या प्रकाशासमोर धरून पाहावे. लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले जाळे दिसले, तर जीव वाढत आहे असे समजावे. अंडे पूर्ण स्वच्छ दिसले, तर ते फलित नाही. ते बाजूला काढावे. नासलेले अंडे टोपलीत फुटले, तर इतर अंड्यांनाही धोका होतो.

शेवटच्या तीन दिवसांत अंडी हाताळू नयेत. या वेळी पिलू अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते. आतून त्याची चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. चोचीच्या टोकावरील कठीण उंचवट्याने पिलू कवच फोडते. या कामाला अनेक तास लागू शकतात. उतावीळपणे कवच सोलून मदत करू नये, कारण आतील पडद्यातील रक्तवाहिन्या तुटून पिलू दगावते. अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात शोषला जात असतो. पहिले एक-दोन दिवस खाणे न मिळाले तरी ते त्यावर जगू शकते.

येथे कोंबडीचे २१ दिवस संपतात आणि माणसाची खरी परीक्षा सुरू होते. समजा, बारा अंड्यांतून नऊ पिले निघाली. त्यांना कोंबडीमागे मोकळे सोडले, तर घार, कावळा, मांजर, मुंगूस, पाऊस आणि रोग यांतून दोन महिन्यांनी तीन-चारच उरतात, असा अनुभव अनेक घरांत येतो. उबवणीत एखादे अंडे वाया गेले, तर त्याची हळहळ होते. पुढे पाच पिले गेली, तर ‘नशीब’ म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक यांतील बरेचसे नुकसान टाळता येते. पहिले तीन-चार आठवडे कोंबडीला पिलांसह मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीच्या बंदिस्त जागेत ठेवावे. पिलांना तांदळाची कणी, मका, ज्वारी किंवा बाजरीची बारीक भरड द्यावी आणि तिच्या जोडीला वाळवीसारखे किडे मिळाले तर प्रथिनांची गरज भागते. पाण्याच्या पसरट भांड्यात खडे टाकावेत, म्हणजे पिले त्यात पडून भिजणार नाहीत. भिजलेले पिलू गारठते आणि गारठलेले पिलू क्वचितच वाचते.

सर्वांत मोठा शत्रू मात्र डोळ्यांना दिसत नाही. ‘मानमोडी’ किंवा राणीखेत हा विषाणूजन्य रोग काही दिवसांत संपूर्ण वस्तीच्या कोंबड्या संपवू शकतो. भारतात तो १९२७ मध्ये हिमालयातील राणीखेतजवळ आढळला, म्हणून त्याला ते नाव मिळाले. या रोगावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लसोटा लसीचा एक थेंब टाकतात; पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्या लागतात. अडचण अशी, की लसीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल एवढी लस असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पातळ केलेली लस काही तासांतच संपवावी लागते. नऊ पिलांसाठी एकट्या घराला हे परवडत नाही. वस्तीतील आठ-दहा घरांनी आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या, तर पिले एकाच वेळी निघतात आणि एक कुपी सर्वांना पुरते.

कोंबडी पिलांना साधारण दोन महिने सांभाळते आणि मग टोचून दूर करते. त्यानंतरच ती पुन्हा अंड्यावर येते. दोन कोंबड्यांची पिले एकाच दिवशी निघाली, तर रात्री ती सर्व एकीच्या पंखांखाली सरकवता येतात. दुसरी कोंबडी लवकर मोकळी होऊन पुन्हा अंडी देऊ लागते. उबवणी केंद्रातून आणलेली ‘वनराज’सारख्या सुधारित जातीची एक दिवसाची पिलेही अशीच खुडूक कोंबडीच्या स्वाधीन करता येतात. अंडी उबवायचीच नसतील, तर कोंबडीला तीन-चार दिवस हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवावे. तिचा खुडूकपणा आपोआप जातो.

ज्या स्त्रीच्या नावावर जमीन नाही, तिच्या हाती मुलांच्या वह्यांचे, औषधपाण्याचे पैसे पुष्कळदा या कोंबड्यांमुळेच येतात. तिच्यासाठी नवापैकी चार पिले वाढली की सात वाढली, हा फरक मोठा आहे. त्यासाठी लागते ते एक डालगे, एक खड्यांचे भांडे, मूठभर भरड, वेळेवर दिलेला लसीचा थेंब आणि शेजाऱ्यांशी जमवून घेतलेला एक दिवस.